‘आमच्या रक्तातच शुगर आहे’ : हे कितपत खरं?



विहारात आम्ही शुगर-बीपी तपासायला बसतो, तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं. बोटाला सुई टोचली, मशीनवर २४० आकडा आला, की समोरचा माणूस म्हणतो, "सिस्टर, आमच्या घराण्यातच आहे. वडिलांना होती, काकांना होती. रक्तातच आहे म्हटल्यावर काय करणार?" आणि उठून जातो. चिठ्ठी खिशात राहते, चहातली साखर तशीच राहते.

‘रक्तात आहे’ हे शब्द आपल्या कानांना नवे नाहीत. कुणाच्या रक्तात काय आहे हे आपल्याबाबत दुसऱ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या ठरवलं. निदान आजारांच्या बाबतीत तरी आपण ते स्वतः तपासून घेऊ. आईवडिलांकडून आलेल्या जनुकांमुळे किती होतं, आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत किती ठरतं, आणि चाळिशीतच एखादं शरीर साठीचं का होतं, हे या वेळी समजून घ्यायचं आहे.

जनुकाने ठरतं ते कोणतं?

आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत शरीर कसं घडवायचं याच्या सूचना साठवलेल्या असतात. त्यांना जनुकं म्हणतात. माणसात अशी सुमारे वीस हजार जनुकं आहेत. प्रत्येकाची जोडी असते, एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून.

काही आजार एकाच जनुकातल्या बिघाडाने होतात. विदर्भातल्या आपल्या समाजाला आणि आदिवासी भागाला याचं उदाहरण सांगायला नको : सिकलसेल. आई आणि वडील दोघंही वाहक असले, म्हणजे दोघांकडेही बिघडलेलं एकेक जनुक असलं, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला सिकलसेलचा आजार होण्याची शक्यता चारात एक, नुसतं वाहक होण्याची चारात दोन, आणि पूर्ण मोकळं असण्याची चारात एक. ‘पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली’ असा हिशेब काही घरांत लावतात. तो चुकीचा आहे. दर वेळी फासा नव्याने पडतो. म्हणून लग्न ठरवताना पत्रिका राहू द्या, दोघांची सिकलसेल तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती होते.

पण इथेही ‘जनुकात आहे, संपलं’ असं नाही. सिकलसेलचं बाळ जन्मताच ओळखलं, त्याला पेनिसिलीन आणि सगळ्या लसी वेळेवर मिळाल्या, पुढे डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया सुरू केलं, भरपूर पाणी प्यायची सवय लागली, तर ते मूल शाळेत जातं, मोठं होतं. तेच जनुक असलेलं दुसरं मूल, ज्याचा आजार कुणी ओळखलाच नाही, ते पहिल्या पाच वर्षांत साध्या न्यूमोनियाने दगावू शकतं.

शुगर, बीपी, हृदयविकार यांची गोष्ट वेगळी. मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहात शेकडो जनुकांचा हात असतो आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. वडिलांना मधुमेह असेल तर मुलाला धोका जास्त, हे खरंच आहे. पण बापलेक जनुकांबरोबर एकच चूल, एकच वस्ती आणि एकाच प्रकारची कमाईही वाटून घेतात. घराण्यात दिसणारं सगळं जनुकातूनच आलेलं नसतं. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. माणूस किती जगतो यातल्या फरकाचा साधारण पाव हिस्सा जनुकांमुळे येतो, असं त्यात दिसलं. पुढच्या अभ्यासांत हा आकडा कमीजास्त होत राहिला. सगळा हिस्सा जनुकांचा, असं मात्र कुठेच निघालं नाही.

नर्सबाईंच्या वह्या

ही पुढची गोष्ट आम्हाला विशेष जवळची, कारण ती आमच्याच पेशातल्या बायकांची आहे.

इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथे १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या प्रमुख आरोग्यसेविकेने एक शिस्त लावली. बाळ जन्मलं की दाईने त्याचं वजन करायचं आणि लिहायचं. मग आरोग्यसेविकेने वर्षभर घरी जात राहायचं, बाळाला काय पाजतात ते पाहायचं आणि एक वर्षाचं झालं की पुन्हा वजन लिहायचं. वर्षानुवर्षं या वह्या भरत गेल्या.

डेव्हिड बार्कर नावाचे डॉक्टर १९८० च्या दशकात एका कोड्यात पडले होते. हृदयविकार हा खाऊन-पिऊन सुखी माणसांचा आजार, असा समज होता. पण इंग्लंडच्या नकाशावर तो सगळ्यात जास्त दिसत होता तो गरीब भागांत, आणि नेमका तिथेच, जिथे पन्नास-साठ वर्षांपूर्वी तान्ही बाळं जास्त दगावत होती. बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हर्टफर्डशायरच्या वह्या सापडल्या. त्यातली बाळं आता म्हातारी झाली होती, काही वारली होती. सुमारे साडेपाच हजार पुरुषांच्या नोंदी मृत्यूच्या दाखल्यांशी ताडून पाहिल्या. जन्माच्या वेळी आणि एक वर्षाचे असताना ज्यांचं वजन सगळ्यात कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने मेलेले सगळ्यात जास्त निघाले. हे १९८९ साली छापून आलं. सुरुवातीला अनेकांनी नाक मुरडलं, आज जगभर हा विषय शिकवला जातो.

असं का होत असेल? पोटातल्या बाळाला अन्न कमी पडलं की शरीर काटकसर करतं. मेंदू आधी वाचवायचा, बाकीच्यांना नंतर. आपल्या घरात पगार अर्धा आला की फी आधी भरतो आणि छपराची दुरुस्ती पुढे ढकलतो, तसंच. मूत्रपिंडातल्या गाळण्या कमी तयार होतात, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी कमी पडतात, स्नायू बारीक राहतात. मूत्रपिंडाच्या गाळण्या तर जन्मापूर्वीच बनून संपतात, नंतर नवीन येत नाहीत. त्या कमी भांडवलावर माणूस वीस-तीस वर्षं छान काढतो. चाळिशीत मात्र ओझं वाढतं आणि भांडवल अपुरं पडतं.

हॉलंडचा उपाशी हिवाळा

दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन सैन्याने हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली. माणशी रोजचं रेशन हजार कॅलरींच्या खाली आणि काही आठवडे त्याच्याही निम्म्यावर आलं. हजारो माणसं भुकेने मेली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि पुन्हा अन्न मिळू लागलं. उपासमार कधी सुरू झाली आणि कधी संपली याच्या तारखा पक्क्या, दवाखान्यांतल्या बाळंतपणाच्या नोंदीही शाबूत. त्यामुळे कोणतं बाळ कितव्या महिन्यात पोटात उपाशी राहिलं, हे नेमकं सांगता आलं.

शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिलेली बाळं लहानखुरी जन्मली आणि मोठेपणी त्यांची शुगर नीट राहिना. पहिल्या तीन महिन्यांत उपाशी राहिलेली मात्र नेहमीच्या वजनाचीच जन्मली, कारण पुढे आईला अन्न मिळालं होतं. तरीही पन्नाशीत त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. वजनकाट्याला न दिसणारंही काही घडून गेलेलं असतं, ते असं.

ते काय असतं, याचा एक धागा २००८ साली हाती लागला. पेशीत जनुकं सगळी असतात, पण सगळी एकदम चालू नसतात. कोणतं चालू, कोणतं बंद, कोणतं मंद, याच्या बारीक रासायनिक खुणा जनुकांवर असतात. मधमाश्यांच्या पोळ्यात राणी आणि कामकरी माशी एकाच तऱ्हेच्या अळीतून होतात, जनुकं सारखीच. ज्या अळीला शेवटपर्यंत राजान्न मिळतं ती राणी होते. अन्नाने बदलतात त्या या खुणा. हॉलंडच्या उपासमारीत गर्भाच्या सुरुवातीच्या दिवसांत सापडलेल्या लोकांच्या रक्तात, वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या खुणा त्यांच्याच भावंडांपेक्षा वेगळ्या दिसल्या. उपासमारीला तेव्हा साठ वर्षं झाली होती.

हे वाचताना आम्हाला आमच्या आया-आज्यांनी सांगितलेला १९७२ चा दुष्काळ आठवतो. सुकडी आणि मिलो खाऊन खडी फोडणाऱ्या त्या बायकांमध्ये गरोदर बायकाही होत्या. आणि मुलीच्या पोटातली सगळी बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे आज विशीत असलेल्या ज्या मुलीच्या आईच्या आईला त्या दुष्काळात दिवस भरत होते, तिचं बीज त्याच उपाशी पोटात घडलं.

सडपातळ, तरीही चरबी

आता आपल्या घराजवळ येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या बायका, गरोदर होण्यापूर्वी सरासरी वजन ४२ किलोच्या आत-बाहेर. त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं बारीक, हे ठाऊकच होतं. नवल पुढे होतं. बारीक होते ते स्नायू आणि पोटातले अवयव, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार.

हेच शरीर मोठं झालं की कसं दिसतं, हे सांगायला डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली प्रसिद्ध झाला. दोघांचं उंचीच्या मानाने वजन तंतोतंत सारखं. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९ टक्के, याज्ञिकांची २१ टक्के. म्हणून ‘मी तर काडीपैलवान, मला कसली शुगर’ असं म्हणणाऱ्या भावांना आम्ही सांगतो : वजनकाट्यावर विसंबू नका, कमरेला टेप लावा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, स्त्रीची ८० च्या वर असेल तर जपा. आणि तिशी ओलांडली की सडपातळ असलात तरी वर्षातून एकदा शुगर-बीपी पाहा. आशाताई घरी फॉर्म भरायला आल्या की ‘आम्हाला काही नाही’ म्हणून परत पाठवू नका.

पुण्याच्या अभ्यासातून दुसरी गोष्ट निघाली ती बी-१२ जीवनसत्त्वाची. निम्म्याहून जास्त गरोदर बायकांमध्ये ते कमी होतं. ज्या आयांच्या रक्तात फॉलिक ॲसिड भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरावर सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट काम करत नव्हतं. याचा अर्थ गरोदरपणातली लोह-फॉलिकची गोळी बंद करा, असा मुळीच नाही. ती गोळी घ्यायचीच. त्याबरोबर बी-१२ ही मिळालं पाहिजे. ते भाजीत नसतं, डाळीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. सुकट-बोंबलांना नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत, वस्तीतल्या गरोदर बाईला परवडणारं बी-१२ त्यात आहे. फक्त मीठ फार असतं, म्हणून पाण्यात भिजवून दोनदा धुऊन घ्या, आणि बीपी असेल तर डॉक्टरांना विचारून खा. जी बाई हे काहीच खात नाही, तिने दवाखान्यात बी-१२ च्या गोळीबद्दल विचारावं.

शरीराचं वय आणि दाखल्यावरचं वय

न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या एक हजाराहून जास्त मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. ती सगळी ३८ वर्षांची झाली, तेव्हा त्यांचं मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत, बीपी, हिरड्या असं बरंच काही मोजून शरीराचं वय काढलं. दाखल्यावर सगळे ३८ चे. शरीराने कुणी २८ चा होता, कुणी ६१ चा. जे शरीराने पुढे पळाले होते, त्यांची हाताची पकड कमजोर होती, तोल जात होता, आणि नुसता फोटो पाहून अनोळखी लोकांनीही त्यांना जास्त वयाचं ठरवलं. लहानपणी हलाखी, मारझोड, घरातली आजारपणं सोसलेली माणसं यात जास्त होती. जनुकांवरच्या त्या खुणा मोजून वय सांगता येतं, हे अमेरिकेत स्टीव्ह होर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये दाखवलं. तशाच पद्धतीने हॉलंडच्या उपाशी हिवाळ्यात पोटात असलेल्यांची तपासणी झाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांचं शरीर इतरांपेक्षा थोडं वेगाने म्हातारं होत असल्याचं दिसलं, आणि बायकांमध्ये हे जास्त दिसलं.

(बाजारात ‘तुमचं खरं वय सांगतो’ म्हणून हजारो रुपयांच्या तपासण्या निघाल्या आहेत. त्यात पैसे घालू नका. तेवढ्यात महिनाभराची अंडी येतात.)

मग हातात काय आहे?

मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ ते २०१२ या काळात एक मोठा प्रयोग झाला. साडेसहा हजार स्त्रिया त्यात होत्या. काहींना रोज एक खाऊ मिळायचा, समोसा-भजीसारखा, पण आत पालेभाजी, फळं आणि दुधाची पावडर घातलेला. बाकीच्यांना तसाच खाऊ, पण कांदा-बटाट्याचा. विशेष हे की खाऊ दिवस जाण्याच्या आधीपासून सुरू केला. ज्यांनी किमान तीन महिने आधीपासून खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड जन्मली. अगदी हडकुळ्या आयांच्या बाळांत मात्र ही वाढ दिसली नाही, त्यांना आधी पोटभर जेवणच हवं होतं. ज्यांची तपासणी झाली त्यांत गरोदरपणातला मधुमेह शंभरातल्या १२ जणींऐवजी ७ जणींना झाला.

४८ ग्रॅम तुम्हाला थोडे वाटतील. आता दुसरा आकडा पाहा. मुंबईतच बाराशेहून जास्त गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली आला. मिश्री किंवा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली. पालेभाजी-दुधाने कमावलं त्याच्या दुप्पट मिश्रीने घालवलं. ‘मिश्रीने दात साफ होतात, पोट साफ होतं’ म्हणणाऱ्या आमच्या मावश्यांनी हा आकडा सुनांना सांगण्याआधी स्वतःचा डबा फेकावा.

दिवस गेल्यावर दवाखान्यात नाव नोंदवणं बाराव्या आठवड्याच्या आत व्हावं. पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत साखरेचं पाणी पिऊन दोन तासांनी शुगर तपासतात, ती चुकवू नका, कारण पोटातल्या बाळाला उपासमार जशी बाधते तशी आईची वाढलेली साखरही बाधते. पण सगळी जबाबदारी आईच्या डोक्यावर टाकू नका. सून सगळ्यांत शेवटी जेवते आणि भांड्याच्या तळाशी उरलेलं खाते, अशा घरात बाळ हलकं जन्मलं तर दोष एकट्या सुनेचा कसा? अंडं आधी तिच्या ताटात पडतं की मुलाच्या, हे घरातली मोठी माणसं ठरवतात. चौदा वर्षांच्या मुलीच्या ताटाबद्दलही आम्ही हेच म्हणतो. तिला शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळीही तिने खरंच गिळली का, ते विचारा.

बाळ जन्मल्यावर तासाच्या आत अंगावरचं दूध, सहा महिने फक्त तेच, आणि मग घट्ट वरणभात, अंडं, मऊ माशाचा तुकडा. दोन वर्षांपर्यंत त्याला भरपूर वाढू द्या. त्यानंतर मात्र सावध. दिल्लीत १९६९ ते १९७२ मध्ये जन्मलेल्या मुलांवर मोठेपणापर्यंत लक्ष ठेवलं, तेव्हा तिशीत ज्यांची शुगर बिघडली, ती दोन वर्षांपर्यंत हडकुळी होती आणि पुढे लवकर भरत गेली. बाराव्या वर्षी त्यांना कुणीही जाडं म्हणालं नसतं. म्हणून अडीच किलोच्या आत जन्मलेलं मूल पुढे बारीक दिसतं या काळजीने त्याला कुरकुरे, बिस्किटं, कोल्ड्रिंकने ‘भरवू’ नका. त्याला दूध-अंडं-डाळ आणि खेळायला जागा द्या.

विहारातल्या पुढच्या तपासणीला येताना मुलाबाळांचं माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन या. त्यावर जन्मवजन लिहिलेलं असतं. कार्ड हरवलं असेल तर बाळंतपणाच्या डिस्चार्जच्या कागदावर पाहा, तो कागद टाकून देऊ नका. ज्यांचं वजन अडीच किलोच्या आत होतं, मग ते आज पाच वर्षांचे असोत की पस्तीस, त्यांची नावं आम्ही वहीत वेगळी लिहून घेणार आहोत आणि त्यांचं बीपी दर सहा महिन्यांनी पाहणार आहोत. कमरेचा टेप आमच्याकडे आहे.